मधून उसवताना

वाकळ उसवायची तर मधून सुरुवात करावी लागते. शिवताना आपण काठापासून निघतो, चारी बाजूंनी फेऱ्या घालत आत सरकतो आणि शेवटची गाठ कुठंतरी मधोमध पडते. उसवताना तीच गाठ पहिली. शिवणारी बाई काम संपवून ज्या दुपारी उठली, त्या दुपारपासून मागं मागं जायचं.

यंदा होळी झाल्यावर मी आईची वाकळ अशी उसवायला घेतली. वरचं लुगडं पार विरलं होतं, हात लावला तरी फाटायचं. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे वाकळ अंथरून गच्चीवर पडायचे दिवस. पण ही अंथरली की सकाळी अंगभर दोरे चिकटलेले. मुलगी म्हणाली, "आई, आता कपाटात ठेव ती, आठवण म्हणून." मला वस्तू आठवण म्हणून ठेवणं जमत नाही. वापरात नसलेली वाकळ म्हणजे नुसतं गाठोडं, झुरळांची सोय. वरचं काढायचं, आतलं तपासायचं, नवं चढवायचं, एवढाच बेत होता. सोफा भिंतीला सरकवला, फरशी पुसली आणि चष्मा लावून, हातात ब्लेड घेऊन मधली गाठ शोधत बसले.

पावसाळा तोंडावर आलाय आणि वाकळ अजून तशीच उघडी पडली आहे.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. आठवावीच. महाराष्ट्रात भौगोलिक मानांकन सगळ्यात आधी मिळालेल्या वस्तूंत आमची चादर आणि टॉवेल आहेत. जकार्ड मागावर विणलेली ती नक्षी, एका बाजूला जो रंग जमिनीचा तोच दुसऱ्या बाजूला फुलाचा. पण घरातला हिशेब वेगळा. चादर पांघरायची, वाकळ अंथरायची. चादर पाहुण्याला, वाकळ घरच्याला. आणि गंमत अशी की गावाचा हा मानबिंदू वाकळेत घालता येत नाही. नवी चादर इतकी जाड आणि घट्ट असते की सुई शिरत नाही, शिरली तर निघत नाही. माझ्या कितीतरी सुया तिनं मोडल्यात. पंधरा-वीस वर्षं धुऊन धुऊन ताठा गेला की मग कुठं ती आत यायच्या लायकीची होते.

आम्ही साखर पेठेत एका वाड्यात राहायचो. गोधडी हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला, घरी वाकळच. शेजारच्या अव्वा तिला कौदी म्हणायच्या आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी कापडं लावल्याशिवाय त्यांची कौदी पुरी व्हायची नाही. माडीवरच्या अक्का तेलुगू, त्यांची बोंता. जिन्याखालच्या खोलीतल्या चाची गुदडी म्हणायच्या. दुपारी चौघी अंगणात बसायच्या आणि चार भाषांत एकाच गोष्टीवरून वाद घालायच्या: दोन ओळींत अंतर एक बोटाचं ठेवायचं की दोन बोटांचं. एक बोट ठेवलं तर वाकळ दाट होते, वर्षानुवर्षं टिकते, पण महिना खाते. दोन बोटांची आठवड्यात होते, मऊ पडते, पण धुण्यात आतल्या चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतात. आई एक बोटवाली होती. अक्का दोन बोटवाल्या. मिटलेला मी तरी हा वाद पाहिला नाही.

अक्कांना वेळ कुठून असणार म्हणा. त्या विड्या वळायच्या. सुपात तेंदूची पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. दिवसाचा हिशेब हजारावर. एवढ्या विड्यांना दोरा बांधून झाल्यावर पुन्हा सुईत दोरा ओवायचा, तर दोन बोटं अंतर फार नव्हतं. हे मला तेव्हा कळायचं नाही. मी आईच्या बाजूनं असायचे.

आमचे आण्णा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. या गावात १८७७ साली पहिली मिल निघाली, तिला आजही सगळे जुनी मिल म्हणतात. तिच्यामागून आणखी निघाल्या आणि गाव भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. आण्णांची पाळी बदलली की घरातल्या झोपेची जागा बदलायची. रातपाळी असली की ते दिवसा मधल्या खोलीत झोपायचे, आणि आई वाकळ अंगणात घेऊन जायची, कारण बांगड्यांचा आवाज व्हायला नको.

दोरा विकतचा नसायचा. आसपास हातमाग होते, त्यांच्या कांड्या भरणाऱ्या बायकांकडून उरलंसुरलं सूत यायचं. आई तीन पदर घेऊन मांडीवर पीळ द्यायची, मेणाच्या खड्यावरून ओढायची. मेण लावलं नाही तर सुती दोरा चार टाक्यांत केसाळ होतो आणि पाचव्यात अडकतो. तिच्या उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, एक गुळगुळीत पट्टा होता. तिथं लव उगवायची नाही.

आता थर कसे लावायचे ते सांगते, कारण माझ्या शिवणाच्या वर्गात येणाऱ्या बहुतेकींना वाटतं की वाकळ म्हणजे वरची रंगीत ठिगळं. खाली अखंड लुगडं, नऊवारी असेल तर दुहेरी घडी. त्याचे काठ ताणून चारी कोपऱ्यांवर वजन. आई पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवायची. मग आतला माल. धोतरं, परकर, सदऱ्याच्या पाठी, उशांचे अभ्रे. शिवणी, बटणं, नेफे सगळं काढून. एक जाड शिवण आत राहिली तर तिथं रात्रभर टोचत राहतं. तुकडा तुकड्यावर चढू द्यायचा नाही आणि दोघांत फटही राहू द्यायची नाही. हे काम जिगसॉ पझलसारखं आहे, फक्त चित्र कधीच दिसणार नसतं. त्यावर दुसरं लुगडं, मग लांब कच्चे टाके, मग काठ दुमडून पहिली ओळ. सुईवर चार-पाच टाके एकदम भरायचे आणि मग ओढायचे. स्वतः वाकळेवर बसूनच शिवायचं, म्हणजे आपल्या वजनानं थर हलत नाहीत.

परदेशातल्या क्विल्टच्या पुस्तकांत मधून सुरू करून काठाकडे जायला सांगतात. त्यांचं शास्त्र चुकीचं नाही. फुगा आला तर काठातून बाहेर निघून जातो. आपल्या बायका काठातून आत येतात, त्यामुळे सगळे फुगे मध्ये जमायची भीती. म्हणून दर फेरीला तळहातानं कापड सारखं करत राहावं लागतं. ते सारखं करणं शिकवता येत नाही. तळहात किती दाबायचा, हे मी चाळीस वर्षांत कुणाला शब्दांत सांगू शकले नाही.

कापड मात्र बदललं. माझ्या लग्नाच्या आसपास, सत्तरच्या दशकात, बायकांच्या अंगावर नायलॉनच्या आणि टेरिलिनच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, इस्त्री नको, पाच वर्षं रंग जात नाही. बोहारणीला भांड्यांवर द्यायलाही बऱ्या. वाकळेला मात्र निरुपयोगी. घाम टिपत नाहीत, निसरड्या, आणि पहिल्या धुण्यात सुती कापड आक्रसतं तेव्हा या जशाच्या तशा राहतात, म्हणून सगळ्या वाकळेला सुरकुत्या. आता तर लेगिंग्ज आणि टी-शर्ट. ताणलं जाणारं कापड वाकळेत घालणं म्हणजे पाणी दोऱ्यानं बांधणं. त्यामुळे हल्ली मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतली कात्रणं आणते. सोलापुरात गणवेशाचा धंदा मोठा आहे, पोत्यानं कात्रणं मिळतात. खाकी, निळी, चौकड्यांची. बरीचशी मिश्र धाग्याची असतात, निवडून घ्यावी लागतात. जाळून वास बघते. सुताचा वास कागदासारखा येतो आणि राख बोटांवर विरते. दुसऱ्याचा कडक मणी होतो.

शनिवारी वर्गाला खास गाडी काढून येणाऱ्याही दोघी-तिघी आहेत. त्या चाटी गल्लीत जाऊन नवं कोरं कापड घेतात, रंग जुळवून, आणि ते कापून ठिगळं करतात. मी काही बोलत नाही. आई असती तर तिनं कात्री हातातून काढून घेतली असती.

आता माझ्याबद्दल. १९७८ साली मी एका मुलींच्या शाळेत शिवणबाई म्हणून लागले आणि २०१३ ला निवृत्त झाले. धावदोरा, टीप, हेम, काजं, मग झबलं, मग परकर. शिवणवहीत नमुने चिकटवायचे, खाली शाईनं नाव लिहायचं. माझा एक शब्द शाळेत प्रसिद्ध होता: "उसव." मुलगी कापड घेऊन टेबलाशी आली की मी ते उजेडात धरायचे, बोटानं जागा दाखवायचे आणि म्हणायचे, उसव. मधल्या सुट्टीत पोरी माझी नक्कल करायच्या, हे मला माहीत होतं. थोडं आवडायचंही.

आणि दर वर्षी, जूनच्या पहिल्या तासाला, मी एक गोष्ट सांगायचे. मी दहा वर्षांची असताना आईनं मला पहिल्यांदा वाकळेवर बसवलं. माझे टाके ओळखू यावेत म्हणून चादरीच्या सुतातला लाल दोरा दिला. मी एक ओळ घातली, वाकडी, ढांगा टाकल्यासारखे टाके. आईनं ती बघितली आणि म्हणाली, उसव. मी रडले. तिनं पुन्हा दोरा ओवून दिला. अशी तीनदा ओळ उसवली आणि चौथ्यांदा ती सरळ आली, "म्हणून मुलींनो, मी आज तुमच्यासमोर उभी आहे." पस्तीस वर्षं ही गोष्ट सांगितली. शेवटी शेवटी तर मी ती चांगली रंगवून सांगायचे, आण्णा मधल्या खोलीत झोपलेत म्हणून मला आवाज न करता रडावं लागलं, वगैरे.

एक मुलगी होती, आठवीतली. काजाचा नमुना मी तिच्याकडून पाच वेळा उसवून घेतला. पाचव्या वेळी कापडाला जाळीच पडली, टाका धरायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पोरीला दुसरा विषय देता येतो का बघा." मी बघितलं, देता आला. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं ते एवढंच, की मुलींना हल्ली सोसत नाही.

निवृत्तीनंतर घरातच वर्ग सुरू केला. दुपारी दोन ते चार, हॉलमध्ये. फी नाममात्र, चहा माझा. पूर्व भागातल्या काही बायका येतात, विड्या वळणाऱ्या. त्यांची बोटं इतकी तयार असतात की टाका शिकवावाच लागत नाही, फक्त सवय मोडावी लागते. दोरा तोडताना त्या अजूनही विडी बांधल्यासारखा झटका देतात. त्यांच्यात एक नवी सून आहे. सासूनं बोंता शिकायला पाठवलंय, कारण सासूच्या गुडघ्यांना आता खाली बसवत नाही. पोरगी हसरी आहे आणि तिची ओळ दर वेळी डावीकडं जाते.

मध्यंतरी मुलीनं फोनवर काही फोटो दाखवले. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक खेडं आहे, गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांच्या वंशजांचं. तिथल्या बायकांनी शेतात वापरलेल्या विजारींच्या, फाटक्या सदऱ्यांच्या क्विल्ट शिवल्या. २००२ मध्ये त्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. मी फोटो मोठा करून बघत होते. निळ्या जाड विजारीचे तुकडे, आणि गुडघ्याच्या जागी कापड उडालेलं, फिकट गोल. मी मुलीला म्हटलं, हे आण्णांचे गुडघे आहेत. ती म्हणाली, "आई, अलाबामा." मी म्हटलं, असू दे.

तर आईची वाकळ.

वरचं लुगडं तिनं १९८४ मध्ये चढवलं होतं, माझ्या मुलीच्या वेळी मी माहेरी होते तेव्हा. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार दुपारी लागल्या ते सोडवायला. खाली, अपेक्षेप्रमाणे, जुनी वाकळ निघाली. आपल्याकडं असंच असतं, जुनी फेकत नाहीत, नवीच्या पोटात घालतात. दर दसऱ्याला आम्ही दसरा काढायचो, घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं पांघरूण-अंथरूण हातगाडीवर घालून हिप्परग्याच्या तलावावर न्यायचो, तेव्हा ही जुनी वाकळ दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागायची, इतकं पाणी प्यायची. तिचा जांभळा काठ मी लगेच ओळखला.

काठापासून सहाव्या ओळीत लाल दोरा होता.

मी आधी चष्मा पुसला. मग वाकळ वळवून खिडकीशी नेली. एक वीतभर सरळ, मग ओळ आत घसरत गेलेली, टाके करंगळीच्या पेरापेक्षा मोठे, मध्ये एका जागी दोरा गुंतून झालेली गाठ, पुढं ओळ पुन्हा वर आलेली आणि तिथं संपलेली. एकदाच घातलेली. उसवलेल्या टाक्यांची भोकं सुती कापडावर राहतात, निदान कापड ओढलेलं दिसतं. इथं काहीच नव्हतं. कुणी उसवलं नव्हतं.

नंतर जे दिसलं त्यानं मी बराच वेळ तिथंच बसून राहिले. माझ्या ओळीच्या आत आईची सातवी ओळ. पांढरी, बारीक टाक्यांची. वाकळेची ओळ मागच्या ओळीकडं बघून घालतात, एक बोट सोडून. त्यामुळे माझ्या ओळीचं पोट जिथं आत आलं होतं, तिथं आईची ओळही आत आली होती. पण थोडी कमी. पोटापाशी तिनं अर्धं बोटच अंतर ठेवलं होतं आणि दोन्ही बाजूंना भरपूर. आठवी त्याहून कमी वाकलेली. नववी, दहावी. मी मोजल्या. चौदाव्या ओळीला वाकळ सरळ झाली होती. एक बोटवाल्या माझ्या आईनं आठ फेऱ्या अर्ध्या बोटाच्या, दीड बोटाच्या, जशा येतील तशा घातल्या होत्या.

मग तो "उसव" कुणाचा? सातवीत एका शिवणबाईंनी माझ्याकडून हातरुमालाची कड पुन्हा पुन्हा उसवून घेतली होती, ते आठवतंय. त्या कडेचा दोरा लाल होता का? असेल. त्या बाईंचा शब्द मी आईच्या तोंडी कधी घातला, ते मला सांगता येणार नाही. आईच्या तोंडी शोभला असता, म्हणून घातला असेल.

आईनं हे मायेनं केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. ती मुलांचं मन जपणाऱ्यांतली नव्हती. तिच्या आवाजात मला जे ऐकू येतं ते असं: "काय बघलालीस? दोरा वाया जातो. सरक तिकडं." हातमागाचं सूत, मांडीवरचा पीळ, मेण, एवढ्या कष्टाचा दोरा पोरीच्या वाकड्या ओळीपायी काढून टाकायचा कशाला? पुढच्या फेरीत बघू. बहुतेक एवढंच होतं. पण मग दीड बोट आणि अर्धं बोट हा हिशेब आठ फेऱ्या कोण करतं?

मी मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू आम्हाला उगाच उसवायला लावलंस." मी म्हटलं, झबल्याचा गळा चुकला तर उसवायलाच लागतो, बाळाचं डोकं जात नाही त्यातून. हे खरंच आहे. शिवणात माप असतं, आणि मापाला दयामाया नसते. काजाचं मात्र मी खात्रीनं सांगू शकत नाही. ते काज तसंही बटणाला पुरलं असतं.

लाल ओळीखाली अजून एक थर आहे. काळपट, जाड, मिलच्या कापडाचा, तेलाचा डाग असलेला. ती आज्जीची वाकळ असावी. कोपऱ्यातून बोट घालून पाहिलं, टाके दोन बोटांच्या अंतराचे लागले. एक बोटवाल्या बाईच्या पोटात दोन बोटवाली. अक्का असत्या तर हसून हसून लोळल्या असत्या. तो थर मी अजून उघडलेला नाही.

वर्गातल्या बायका सध्या या पसाऱ्याभोवतीच बसतात. कुणी विचारलं तर मी लाल ओळ दाखवते, गोष्ट सांगत नाही. नवं लुगडं आणून ठेवलंय, इरकली, धुऊन मऊ केलेलं. ते चढवलं की लाल ओळ पुन्हा झाकली जाणार. त्याला इलाज नाही, फरशीवर लुगड्याशिवाय किती दिवस ठेवणार.

काल त्या सुनेनं बोंता माझ्यापुढं धरली. ओळ डावीकडं गेली होती, चांगली चार बोटं.

"बाई, उसवू?"

माझ्या तोंडात शब्द आला होता. तिच्या सुईकडं बघितलं, दोरा वीतभर उरलेला.

"आधी दोरा ओवून घे," मी म्हटलं, "आणि अशी इकडं सरक, माझ्या बाजूला."